हिरव्या-पांढऱ्या जर्सीतला सम्राट: एकाच क्लबचा होऊन राहिलेला फ्लोरियान अल्बर्ट

२६ ऑगस्ट १९६०. इटलीतल्या लाक्विला या डोंगरातल्या शहरात रोम ऑलिंपिकचा एक फुटबॉल सामना होता, भारत विरुद्ध हंगेरी. भारताचा कर्णधार पी. के. बॅनर्जी, सोबत चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. चमूत गोव्यातल्या कोलवाळचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा फोर्तुनातो फ्रांकोही होता. मध्यंतराआधी हंगेरीने एक गोल केला, मध्यंतरानंतर दुसरा. शेवटच्या टप्प्यात बलरामने एक फेडला, पण भारत १-२ असा हरलाच. त्या हरण्याची किंमत कळायला एवढंच सांगतो: पुढे भारताने ज्या फ्रान्सला १-१ असं रोखलं, त्याच फ्रान्सला या हंगेरीने ७-० असं धुतलं.

भारताविरुद्धचा तो दुसरा गोल करणारा पोरगा अठरा वर्षांचा होता. सात वर्षांनी तो युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. आयुष्यभर तो एकाच क्लबकडून खेळला. हंगेरीतल्या लोकांनी त्याला ‘चासार’ म्हणजे सम्राट असं नाव दिलं, आणि ते त्याच्या मरणानंतरही टिकलं आहे.

त्याचं नाव फ्लोरियान अल्बर्ट. हंगेरीत मात्र आधी आडनाव आणि मग नाव लिहितात, म्हणून तिथे तो ‘अल्बर्ट फ्लोरियान’. आपल्याला अल्बर्ट हे नाव वाटतं, पण ते त्याचं आडनाव. घरचे आणि क्लबचे लोक त्याला ‘फ्लोरी’ म्हणत.

‘एका क्लबशी निष्ठावान’ असं कुणाबद्दल म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो. पैसा, मोठी नावं, परदेश हे सगळं नाकारून माणूस आपल्या मातीत राहिला असं चित्र डोळ्यांपुढे येतं. अल्बर्टच्या बाबतीत हे चित्र अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं समजून घेतल्याशिवाय त्याचं मोठेपण नीट कळत नाही असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी थोडं हंगेरीचं राजकारण, थोडी क्लबची गोष्ट आणि थोडा खेळ असं तिन्ही बघावं लागेल.

आधी क्लब. फेरेन्त्सवारोश हा बुडापेस्टचा नववा विभाग. कत्तलखाने, गिरण्या, मालधक्के आणि तिथे राबणाऱ्या लोकांच्या चाळवजा इमारती अशी त्याची जुनी ओळख. एकेकाळी तिथे जर्मन बोलणारे लोक बरेच होते. ते त्या भागाला ‘फ्रान्सश्टाट’ म्हणत, त्यावरून क्लबचं लाडकं नाव पडलं ‘फ्राडी’. क्लबची स्थापना १८९९ची. रंग हिरवा आणि पांढरा. चिन्हावर पाच हिरवे आणि चार पांढरे पट्टे आहेत. पाच आणि चार मिळून नऊ, म्हणजे नववा विभाग. १९११ पासून क्लबचं मैदान युल्लोई रस्त्यावर आहे, आणि आजही पत्ता तोच आहे.

फ्राडी हा सामान्य माणसाचा, गर्दीचा क्लब होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत कम्युनिस्ट सत्ता आली आणि नेमकी हीच गोष्ट सरकारला खुपायला लागली. युद्धकाळात क्लबच्या वरच्या वर्तुळात कडव्या उजव्या राजकारणाची माणसं होती, हेही एक कारण. पण त्याहून मोठी अडचण अशी की दर रविवारी हजारो लोक एकत्र येतात, एका सुरात ओरडतात आणि ते कुठल्याही पक्षाच्या हुकुमावरून येत नाहीत. अशी गर्दी कुठल्याच हुकूमशाहीला परवडत नाही.

मग १९४९-५० च्या सुमारास सगळे मोठे क्लब सरकारी खात्यांना वाटून दिले गेले. होन्वेद लष्कराकडे गेला. उयपेश्त गृहखात्याकडे, म्हणजे पोलिसांकडे गेला. एमटीके गुप्त पोलिसांच्या छायेखाली गेला. फ्राडीच्या वाट्याला आली अन्नप्रक्रिया कामगारांची संघटना. नाव बदललं, मग पुन्हा बदलून ‘किनिझी’ केलं. हिरवा-पांढरा रंग काढून लाल-पांढरा दिला. चांगले खेळाडू लष्कराच्या होन्वेदकडे वळवले गेले. त्यात शांदोर कोचिश होता, पुढे १९५४च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा. ज्या होन्वेदवर हंगेरीचा पन्नासच्या दशकातला तो जगप्रसिद्ध ‘सोनेरी संघ’ उभा राहिला, त्याच्या काही विटा फ्राडीच्या भिंतीतून उपसलेल्या होत्या. फ्राडीने १९४९मध्ये लीग जिंकली होती. त्यानंतर पुढची लीग जिंकायला १९६३ उजाडलं. चौदा वर्षं.

आता त्या लाल-पांढऱ्या दिवसांतच एक मुलगा या क्लबच्या मुलांच्या संघात दाखल झाला. साल १९५२, वय अकरा. दक्षिण हंगेरीत, युगोस्लाव्हियाच्या सीमेला लागून असलेल्या हेर्त्सेगसांतो या गावात १५ सप्टेंबर १९४१ला त्याचा जन्म झाला. वडील लोहार होते. आई तो अगदी लहान असतानाच गेली. पुढे कुटुंब बुडापेस्टला आलं आणि पोरगा फ्राडीच्या मैदानात रुजला.

मग १९५६ आलं. ऑक्टोबरमध्ये बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली. होन्वेदचा संघ तेव्हा युरोपीय चषकाच्या निमित्ताने परदेशात होता. त्यातले फेरेंत्स पुश्काश, कोचिश आणि झोल्तान त्सिबोर परतलेच नाहीत. पुश्काश माद्रिदला गेला, बाकीचे दोघे बार्सिलोनाला. हंगेरीचा युवा संघही बाहेर होता, त्यातल्याही कितीतरी मुलांनी घरी यायचं नाकारलं. ज्या देशाने तीनच वर्षांपूर्वी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं हरवलं होतं, त्या देशाच्या फुटबॉलमधून एक अख्खी पिढी उडून गेली.

पण त्याच वर्षी एक चांगली गोष्टही घडली. फेरेन्त्सवारोशला त्याचं नाव परत मिळालं, हिरवा-पांढरा रंग परत मिळाला. दोन वर्षांनी, १९५८मध्ये, सतरा वर्षांचा अल्बर्ट मोठ्यांच्या संघात उतरला आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल करून मोकळा झाला. पुढच्या उन्हाळ्यात, जून १९५९मध्ये, शालान्त परीक्षा नुकतीच देऊन झालेल्या या मुलाला स्वीडनविरुद्ध राष्ट्रीय संघात घेतलं. आदल्याच वर्षी विश्वचषकाची अंतिम फेरी खेळलेला स्वीडन! हंगेरीने तो सामना ३-२ असा जिंकला. एका पिढीने रिकामी केलेली जागा भरायला पोरं लागत होती, आणि हा त्यातला सगळ्यात गुणी पोरगा होता.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. त्या काळातल्या पूर्व युरोपात ‘व्यावसायिक फुटबॉलपटू’ असा प्रकार कायद्याने नव्हताच. कागदोपत्री सगळे हौशी. प्रत्येक जण कुठल्यातरी कारखान्यात, खात्यात किंवा कचेरीत नोकरीला. पगार तिथून, आणि खरं काम म्हणजे रोजचा सराव आणि रविवारचा सामना. वर थोडा खुराकाचा भत्ता मिळे, त्याला हंगेरियन भाषेत ‘कॅलरीचे पैसे’ असाच शब्द होता. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे कबड्डी-खोखोचे किती खेळाडू रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरीला लागले आणि हजेरीपटावर सही करून मैदानावर गेले! फरक इतकाच की आपल्याकडचा माणूस नोकरी सोडून दुसरीकडे जाऊ शकत होता.

यामुळेच ऑलिंपिकमध्ये गंमत व्हायची. नियम असा की फक्त हौशी खेळाडू चालतील. त्यामुळे इटली, ब्रिटन, फ्रान्स यांचे खरे खेळाडू बाहेर राहत आणि हंगेरी मात्र आपली खरीखुरी ताकद उतरवू शके, कारण कागदावर तेही हौशीच! लाक्विलात आपल्या बलराम-बॅनर्जींसमोर जो संघ होता तो असा होता. हे लक्षात घेतलं की १-२ हा आकडा मला आणखी मोलाचा वाटतो. हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक घेतलं, यजमान इटलीला हरवून.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की खेळाडूला परदेशातल्या क्लबकडे जायची मुभा नव्हती. युरोपातल्या कुठल्याही मोठ्या क्लबला अल्बर्ट हवा असता तरी व्यवहार करायचा कुणाशी? जायचंच असेल तर पळून जावं लागे. पळालं तर फिफाची बंदी, मागे राहिलेल्या घरच्यांना जाच, आणि परतीचा रस्ता बंद. पुश्काशने हे सगळं भोगलं होतं. दीडेक वर्ष तो खेळूच शकला नाही आणि हंगेरीत पाऊल ठेवायला त्याला पंचवीस वर्षं लागली.

म्हणून ‘अल्बर्टने परदेशचे पैसे नाकारून निष्ठा राखली’ असं म्हणणं चुकीचं ठरेल. बाहेरचं दार बंद होतं. त्याच्यासारखेच त्या काळातले इतर हंगेरियन खेळाडूही देशातच राहिले, आणि त्यासाठी कुणी त्यांना निष्ठेचं प्रशस्तिपत्र देत नाही.

पण घरातली दारं उघडी होती. लष्कराचा होन्वेद होता, गृहखात्याचा उयपेश्त होता, लोखंड कामगारांचा वाशश होता. सत्तेच्या जवळचे क्लब खेळाडूला बरंच काही देऊ शकत होते. फ्राडी सत्तेचा नावडता होता, आणि अल्बर्ट देशातला सर्वोत्तम खेळाडू होता. तो तिथेच राहिला, सोळा वर्षं. यातली कसोटीची वर्षं कोणती ते पुढे येईलच.

आता थोडं त्याच्या खेळाबद्दल, कारण माणूस नुसता राहिला म्हणून सम्राट होत नाही.

अल्बर्ट सेंटर फॉरवर्ड होता. म्हणजे आघाडीच्या फळीत मधोमध खेळणारा, मुख्य काम गोल करण्याचं. त्या काळातला नेहमीचा सेंटर फॉरवर्ड दणकट असे. गोलसमोर उभा राहायचा, बचावपटूंना खांदे मारायचा, उंच चेंडूवर डोकं घालायचा. हंगेरीने पन्नासच्या दशकात यात एक वेगळीच चाल शोधली होती. त्यांचा नान्दोर हिदेगकुटी सेंटर फॉरवर्डचा नऊ नंबर घालून मैदानात यायचा, पण पुढे थांबायचाच नाही. मागे मधल्या फळीत सरकायचा. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूची मग पंचाईत व्हायची. त्याच्या मागे गेला तर गोलसमोरची जागा मोकळी, जागेवर थांबला तर हा निवांत चेंडू घेऊन फिरतोय. इकडे आड तिकडे विहीर. वेम्ब्लीचे ते सहा गोल याच कोड्यातून आले. आजचे समालोचक ‘फॉल्स नाइन’ म्हणतात ते हेच.

अल्बर्ट या शाळेचा विद्यार्थी, आणि कदाचित सगळ्यात देखणा. अंगाने सडपातळ, पाठ ताठ, मान वर. चेंडू पायाशी असताना तो चेंडूकडे फारसा पाहतच नसे, नजर पुढच्या माणसांवर. मागे येऊन चेंडू घ्यायचा, दोन-तीन जणांना अंगावर घेत पुढे न्यायचा आणि नेमक्या क्षणी सोडायचा. उगाच धावपळ त्याला जमत नसे. चेंडू नसताना तो चालत असे, आणि यावरून लोक त्याला आळशी म्हणून नावंही ठेवत. मला ते पटत नाही. ज्याला चेंडू कुठे येणार ते आधी दिसतं, त्याला धावत सुटायची गरज कमी पडते.

आणि तरी गोल! हंगेरीच्या लीगमध्ये ३५१ सामन्यांत २५६ गोल, म्हणजे दर चार सामन्यांमागे जवळजवळ तीन. राष्ट्रीय संघासाठी ७५ सामन्यांत ३१. नुसतं गोलसमोर टपून बसणाऱ्याला हे आकडे शोभले असते. मागे येऊन खेळ रचणाऱ्या माणसाने हे केलं, हे विशेष.

१९६२चा चिलीतला विश्वचषक. इंग्लंडविरुद्ध १-१ अशी बरोबरी होती. ओल्या मैदानावर इंग्लंडचा रॉन फ्लॉवर्स घसरला, अल्बर्ट चेंडू घेऊन सुटला, गोलरक्षक स्प्रिंगेटला वळसा घातला आणि अवघड कोनातून चेंडू आत ढकलला. तीन दिवसांनी बल्गेरियाविरुद्ध त्याने पहिल्याच मिनिटाला गोल केला, सहाव्या मिनिटाला दुसरा आणि मध्यंतरानंतर तिसरा. सामना ६-१. स्पर्धेत एकूण चार गोल. ब्राझीलच्या गारिंचा, वावा यांच्यासह सहा जण चार-चार गोलांवर बरोबरीत राहिले, त्यात एकवीस वर्षांचाही न झालेला हा एक. हंगेरी मात्र उपांत्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाकडून ०-१ असा हरला.

पण अल्बर्ट कोण होता हे एकाच सामन्यात बघायचं असेल तर १५ जुलै १९६६चा सामना बघा. लिव्हरपूलमधलं गुडिसन पार्क, हंगेरी विरुद्ध ब्राझील. ब्राझील आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकून आलेला. पेले जखमी असल्यामुळे बाहेर होता, पण गारिंचा होता, जैर्झिन्यो होता, एकोणीस वर्षांचा तोस्ताव होता. या सामन्याची जुनी कृष्णधवल चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल त्याची गणती नाही.

तिसऱ्याच मिनिटाला फेरेंत्स बेनेने हंगेरीचा पहिला गोल केला. तोस्तावने बरोबरी साधली. मग दुसऱ्या अर्धात ६४व्या मिनिटाचा तो गोल. अल्बर्ट मैदानाच्या मध्याजवळ चेंडू घेतो. समोर ब्राझीलची मोकळी जागा. तो धावतो, पण घाई नाही. खांदे सरळ, चेंडू पायापासून हातभर पुढे. ब्राझीलचे बचावपटू मागे हटत जातात, कारण पुढे यावं तर हा बाजूने निघणार हे त्यांना दिसतंय. सगळ्यांची नजर याच्यावर खिळलेली असताना तो अलगद उजवीकडे बेनेला चेंडू देतो. बेने धावता धावता मध्ये तोलून टाकतो. मागून भरधाव आलेला यानोश फार्काश चेंडू जमिनीला टेकूच देत नाही, हवेतच लाथ मारतो आणि ब्राझीलचा गोलरक्षक गिल्मार हलायच्या आत जाळं थरथरतं. गोल फार्काशच्या नावावर आहे. पण ती सगळी जागा कुणी तयार केली ते पुन्हा एकदा बघा, पायांकडे न बघता फक्त ब्राझीलच्या बचावफळीकडे बघा. मग कळतं.

पुढे काल्मान मेसोयने पेनल्टीवर तिसरा गोल केला. ३-१. अल्बर्टने एकही गोल केला नाही आणि तरी लिव्हरपूलचे प्रेक्षक, ज्यांचा हंगेरीशी काडीचा संबंध नाही असे प्रेक्षक, ‘अल्बर्ट! अल्बर्ट!’ असा घोष करत राहिले. त्याआधी विश्वचषकात ब्राझील हरला होता तो १९५४मध्ये, बर्नला, आणि तेव्हाही हंगेरीकडूनच. मधल्या तेरा सामन्यांत कुणाला जमलं नव्हतं. गारिंचाचा ब्राझीलसाठीचा हा शेवटचा सामना ठरला आणि ब्राझीलच्या जर्सीत तो हरला तो हा एकच सामना.

ब्राझीलच्या लोकांनी हे मनाला लावून घेतलं नाही. त्यांना माणूस आवडला. पुढच्याच वर्षी रिओच्या फ्लामेंगो क्लबने त्याला पाहुणा म्हणून बोलावून आपली जर्सी घातली. पाहुणचार झाला आणि तो घरी परतला.

क्लबकडून युरोपात मिळालेलं यश याच सुमाराचं. तेव्हा ‘इंटर-सिटीज फेअर्स कप’ नावाची एक स्पर्धा होती. नाव चमत्कारिक वाटतं, पण सुरुवातीला ज्या शहरांत मोठे व्यापारी मेळे भरत त्या शहरांचे संघ यात खेळत, म्हणून ते नाव. पुढे याच्याच जागी युएफा कप आला. १९६४-६५च्या मोसमात फ्राडीने यात रोमाला हरवलं, बिल्बाओला हरवलं. उपांत्य फेरीत समोर मँचेस्टर युनायटेड, म्हणजे बॉबी चार्लटन, डेनिस लॉ आणि जॉर्ज बेस्ट. दोन सामन्यांत निकाल लागला नाही म्हणून तिसरा घ्यावा लागला, तो फ्राडीने २-१ असा जिंकला. अंतिम सामना २३ जून १९६५ला तुरीनमध्ये, युव्हेंतुसच्या घरच्या मैदानावर. एकच सामना, परतीचा सामना नाही. ७४व्या मिनिटाला माते फेन्यवेशीने गोल केला आणि कप बुडापेस्टला आला. फेन्यवेशी शिक्षणाने गुरांचा डॉक्टर, हे मला सांगावंसं वाटतं, कारण हौशीपणाच्या त्या व्यवस्थेतून एवढं एक बरं निघालं की खेळाडू शिकले. अशा दर्जाची युरोपीय स्पर्धा त्यानंतर हंगेरीच्या दुसऱ्या कुठल्याही क्लबने जिंकलेली नाही.

देशातही चौदा वर्षांचा दुष्काळ संपला होता. १९६३, १९६४, १९६७ आणि १९६८ अशा चार लीग अल्बर्टच्या काळात आल्या.

आता ‘बालों द’ऑर’, म्हणजे सोन्याचा चेंडू. फ्रान्समधलं ‘फ्रान्स फुटबॉल’ हे नियतकालिक १९५६ पासून हा मान देत आलं. त्या वेळची पद्धत साधी होती. युरोपातल्या देशोदेशींच्या पत्रकारांपैकी प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं शेवटच्याला एक. खेळाडू युरोपचा नागरिक हवा, म्हणून पेलेचं नाव कधी आलंच नाही. १९६७ साली अल्बर्टला ६८ गुण पडले. दुसरा बॉबी चार्लटन, ४० गुण. तिसरा स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबचा जिमी जॉन्स्टन, ३९. चार्लटन आदल्या वर्षीचा विश्वविजेता आणि मागच्या खेपेचा विजेता, जॉन्स्टनच्या संघाने त्याच वर्षी युरोपीय चषक जिंकलेला. त्यांच्यापुढे एवढ्या अंतराने निघून गेलेला हा माणूस पोलादी पडद्याआडच्या कम्युनिस्ट देशात, पश्चिमेच्या टीव्हीवर कधीतरीच दिसणाऱ्या लीगमध्ये खेळत होता. पत्रकारांनी त्याला मोजक्या वेळा पाहिलं असणार, आणि तेवढं पुरलं.

आजवर हा मान मिळालेला तो एकमेव हंगेरियन आहे. पुश्काशलाही तो मिळाला नाही, १९६०मध्ये तो दुसरा आला होता, आणि तोही माद्रिदकडून खेळताना. अल्बर्टने तो युल्लोई रस्त्यावर राहून मिळवला.

तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुढे आणखी पाच-सहा वर्षं शिखरावर राहायला हवा होता. पण १५ जून १९६९ला कोपनहेगनमध्ये, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात, डेन्मार्कचा गोलरक्षक एंगेडाल आणि तो एका चेंडूसाठी धडकले आणि अल्बर्टचा पाय मोडला. हंगेरी तो सामना हरला. डिसेंबरमध्ये मार्सेलीत चेकोस्लोव्हाकियाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात १-४ असा हरून विश्वचषकाबाहेरही पडला. कित्येक महिन्यांनी अल्बर्ट परतला. नजर तीच होती, पास तोच होता. पण बचावपटूला मागे टाकणारं ते पहिलं पाऊल पूर्वीसारखं पडत नव्हतं.

निष्ठेची खरी कसोटी मी या वर्षांत मानतो. १९६९ पासून उयपेश्तने ओळीने सात वेळा लीग जिंकली. उयपेश्त म्हणजे फ्राडीचा हाडवैरी, गृहखात्याचा क्लब. अल्बर्टची अखेरची पाच वर्षं दुसऱ्याच्या विजयाच्या मिरवणुका बघण्यात गेली. या काळात फ्राडीच्या हाती लागला तो १९७२चा हंगेरियन कप. सोन्याचा चेंडू घरात असलेला माणूस, पायाचं दुखणं सांभाळत, लीगमध्ये पहिला न येणाऱ्या संघासाठी रविवारमागून रविवार उतरत राहिला. फ्राडीच्या लोकांशी कधी बोलायचा योग आला तर बघा, ते १९६५ आणि १९६७ अभिमानाने सांगतात, पण आवाज हलतो तो या वर्षांबद्दल बोलताना.

फ्राडीला असे लोक आधीही लाभले होते. तिशीच्या दशकातला द्यॉर्द शारोशी आपली सगळी खेळकारकीर्द याच क्लबमध्ये राहिला, खेळता खेळता कायद्याची डॉक्टरेट घेतली आणि १९३८च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीचा कर्णधार म्हणून उतरला. म्हणजे क्लबला नुसती गर्दी नव्हती, वारसा होता. अल्बर्टला तो अकरा वर्षांचा असताना जर्सीसोबत मिळाला, भले ती जर्सी तेव्हा लाल-पांढरी का असेना.

मार्च १९७४मध्ये झालाएगेरसेगच्या संघाविरुद्ध तो शेवटचा लीग सामना खेळला, आणि त्यातही गोल केला. पुढे त्याने लिबियातल्या बेनगाझीत प्रशिक्षक म्हणून काम केलं. बायको इरेन बार्शोनी अभिनेत्री होती. मुलगाही फ्लोरियानच, तोही फ्राडीकडून आणि हंगेरीकडून खेळला. बापाच्या सावलीत खेळणं त्याला किती जड गेलं असेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

डिसेंबर २००७मध्ये युल्लोई रस्त्यावरच्या स्टेडियमला अल्बर्टचं नाव दिलं गेलं. तो हयात असताना, त्याच्या डोळ्यांदेखत. पुढची जवळपास चार वर्षं तो स्वतःच्याच नावाच्या मैदानात जाऊन सामने बघत असे. ३१ ऑक्टोबर २०११ला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, सत्तराव्या वर्षी तो गेला.

ते स्टेडियम २०१३मध्ये पाडलं. त्याच जागेवर उभं राहिलेलं नवं स्टेडियम २०१४च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, आणि त्यावर एका विमा कंपनीचं नाव आहे. बांधताना मैदान नव्वद अंशांत फिरवलं. जुन्या मैदानात जिथे गोलचे खांब होते, जिथे सतराव्या वर्षापासून अल्बर्ट चेंडू मारत आला, तिथे आता लांबीच्या बाजूच्या रांगा आहेत, आणि दर आठवड्याला हिरवे-पांढरे गमछे गळ्यात घालून माणसं तिथे बसतात.